कॅसेटमधली हाळी

"बंद कर ते," आबा म्हणाले.

"काय बंद करू?" ट्रॅक्टरवाल्यानं सीटवरून विचारलं. ट्रॅक्टर नदीच्या पात्रात वाळूवर उभा होता. मडगार्डला बांधलेल्या कर्ण्यातून गाणं वाजत होतं आणि सगळं पात्र त्या तालावर खुरपत होतं.

"ते गाणं."

"आबा, स्वतःचाच आवाज आयता ऐकायला मिळतोय, तर पोटात का दुखतं तुमच्या?"

कलिंगडाच्या वेलांतून बायका हसल्या. हसणाऱ्यांत आबांची सूनही होती. पण तिनं पदर तोंडावर धरला होता, तेवढा मान राखला होता.

आबा काठावरून ओरडत होते. आणि कर्ण्यात ऐकू येत होता तो आवाजही त्यांचाच होता.

आबा म्हणजे गावचे हाळीवाले. वर कोसभरावर धरण आहे. धरणाचे दरवाजे उघडायचे ठरले की तिथले साहेब टेकाडावरच्या खोलीत फोन करायचे. मग आबा टेकाडाच्या टोकाला उभे राहून, कानावर हात ठेवून हाळी द्यायचे, "वर याऽऽ होऽऽ, वर याऽऽ!" पात्रात वाळूवर मळे करणारी माणसं खुरपी टाकून काठावर यायची. आबांची हाळी खालच्या गावाच्या हाळीवाल्याला ऐकू जायची, तो त्याच्या गावाला द्यायचा, आणि पाण्याच्या पुढे पुढे हाळी धावायची. आबांच्या बापानं हेच केलं होतं, आज्यानंही. मध्ये एकदा सरकारी भोंगा आला. खांबावर चढला, उद्घाटनाला वाजला, आणि मग त्यात गांधीलमाश्यांनी संसार थाटला. पुढे भोंग्याचं काम आबाच करत राहिले, आणि भोंग्याला तेल घालायचं कामही आबांकडेच आलं.

हाळीवाल्याला एकच नियम होता. नदी रिकामी होईपर्यंत टेकाड सोडायचं नाही. खालच्या माणसानं मान वर केली आणि टेकाडावर हाळीवाला दिसला, की समजायचं अजून वेळ आहे. वेलीवरचं फळ तोडून घ्या, पोराला कडेवर घ्या. टेकाड मोकळं दिसलं तर मात्र काहीच घ्यायचं नाही. तसं मोकळं टेकाड गावात कुणी पाहिलेलं नव्हतं.

सिनेमावाले आले ते गेल्या साली. गावच्या मातीतला सिनेमा काढायचा होता म्हणे. आमची माती त्यांच्या कॅमेऱ्यात फिकी दिसायची, म्हणून ट्रकनं दुसरीकडची लाल माती आणून त्यांनी आमच्या शेतात पसरली. हिरो पांढरे बूट घालून नांगर धरायचा. बैल त्याच्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. त्यांच्यातला संगीतवाला मात्र शहाणा होता. एका संध्याकाळी त्यानं आबांची हाळी ऐकली आणि यंत्र पुढे धरून म्हणाला, "पुन्हा एकदा द्या."

"पाणी सुटलेलं नाही," आबा म्हणाले.

"सुटलंय असं समजून द्या की."

आबांनी समजून दिली. पाणी नसताना दिलेली ही त्यांच्या जन्मातली पहिली हाळी. त्या दिवशी पात्रातली माणसं वर आली, आणि कशाला आलो ते कळल्यावर शिव्या देत खाली गेली.

सिनेमा पडला. पडला म्हणजे असा, की शहरातल्या थिएटरात पहिल्या खेळाला पंखे लावले आणि दुसऱ्याला लावलेच नाहीत. आबा नवं धोतर नेसून गेले होते. शेवटच्या पाटीपर्यंत बसले. त्यांची हाळी सिनेमात नव्हतीच. ती ज्या गाण्यात घातली होती ते गाणंच कापलं होतं.

पण कॅसेट! कॅसेटनं सिनेमाला असं मागं टाकलं, की ही कॅसेट कुठल्या सिनेमाची हेच लोक विसरले. सलूनमध्ये, चक्कीवर, एसटीत तीच. आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे जे सिनेमात नव्हतंच ते. आधी आबांची हाळी, "वर याऽऽ होऽऽ, वर याऽऽ!" मग ढोलकी, आणि मग एक नाजूक बाई लाडात येऊन म्हणायची, "येते रे येते, जराशी थांब."

सुरुवातीला आबा फुगले. सलूनवाला त्यांची दाढी आधी करायचा. मग वैशाखात एका दुपारी साहेबांनी थोडं पाणी सोडलं. आबांनी हाळी दिली. पात्रातून कुणी वर आलं नाही. वेलांतून बायकांनी एका सुरात उत्तर दिलं, "येते रे येते, जराशी थांब!" आणि हसत खुरपत राहिल्या. घोट्याएवढं पाणी आलं. दोन चपला आणि सलूनवाल्याच्या बायकोची पाटी घेऊन गेलं. गावानं ही गोष्ट आठवडाभर हसत सांगितली.

आबांना त्या दिवसापासून जेवण जाईना. सलूनमध्ये त्यांनी माणसं जमवली. म्हणाले, "हाळी बदलू या. मी आता 'पाणी आलं' असं ओरडेन."

"आबा, त्याला चाल नाही," सलूनवाला वस्तरा पुसत म्हणाला.

"चाल कशाला पाहिजे? बुडायला येतंय!"

"तरी पण," चक्कीवाला म्हणाला, "जुनी हाळी ती जुनी हाळी. आता तर नावाजलेली आहे."

म्हणून आबा त्या दिवशी काठावर जाऊन ट्रॅक्टरवाल्याशी भांडले. भांडून परत टेकाडावर आले. वारा पडला होता. वरच्या अंगाला आभाळ जांभळं झालं होतं आणि तसंच थांबलं होतं. नदीकाठची बगळ्यांची रांग कधीच उठून गेली होती. कुत्रं खोलीच्या दाराशी उभं राहून पात्राकडे बघत होतं, भुंकत नव्हतं.

फोन वाजला.

"आबा, वर पाऊस फार पडलाय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "सगळे दरवाजे उघडतोय. माझ्या हातात नाही आता. माणसं काढा."

आबा टोकाला गेले. कानावर हात ठेवला. सगळ्या छातीनं हाळी दिली.

खाली ट्रॅक्टरवाल्यानं खुशीत कर्ण्याचा आवाज वाढवला. वेलांतून उत्तर आलं. त्यात सुनेचाही आवाज होता. तिचा सूर चांगला होता, हे आबांना त्या क्षणी कळलं.

"अगं, खरी आहे ही! खरीऽऽ!" आबा ओरडले. ढोलकीखाली ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

आबांनी खांबावरच्या भोंग्याकडे पाहिलं. गांधीलमाश्या येत-जात होत्या.

मग आबांनी चपला काढल्या आणि टेकाड सोडलं.

काट्याकुट्यांतून, धोतराचा सोगा धरून ते उतरले आणि वाळूत पळू लागले. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. सुनेनं पाठ सरळ करायला मान वर केली. सवयीनं टेकाडाकडे पाहिलं. टेकाड मोकळं होतं.

तिच्या हातातलं खुरपं गळलं. "जाऊबाई," ती शेजारी खुरपणाऱ्या जावेला म्हणाली, "टेकाड बघा."

एकेक मान वर गेली. गाणं म्हणणारी तोंडं उघडीच राहिली. मग कुणी फळ घेतलं नाही, पाटी घेतली नाही, फक्त पोरं उचलली आणि पळाली. ट्रॅक्टरवाला चावी फिरवत होता. आबांनी गचांडी धरून त्याला खाली ओढलं. "अहो, ट्रॅक्टर!" "तो पोहतो का? तू तरी पोहतोस का?"

काठावर पाय ठेवला तोवर वळणावरून पाणी आलं. मातकट, उंच, मोडकी झाडं पुढे ढकलत. मळे एका घासात गेले. ट्रॅक्टर थोडा वेळ उभा राहिला. चाकं बुडाली, सीट बुडाली, आणि तोवर कर्णा वाजतच होता. "वर याऽऽ होऽऽ," पाण्यातून आबांचाच आवाज त्यांना बोलावत होता. मग गुळणी केल्यासारखा आवाज झाला, आणि बंद पडला.

सून आबांच्या पायाशी बसून रडत होती.

"खालचं गाव," कुणीतरी म्हणालं.

आबा झटक्यात वळले. कानावर हात ठेवला आणि खालच्या अंगाला हाळी दिली. या वेळी सगळ्या गावानं दिली, बायका-पोरांनी, सलूनवाल्यानं, सगळ्यांनी मिळून. एवढी मोठी हाळी त्या नदीनं कधी ऐकली नव्हती.

सगळ्यांनी खालच्या अंगाला कान दिला. खालून, पाण्याच्या घोंघाटापलीकडून, उत्तर आलं. पुष्कळ गळे होते. खुशीत होते.

"येते रे येते, जराशी थांब!"

आबांनी धोतर वर खोचलं आणि अनवाणीच काठाकाठानं खाली पळायला लागले. त्यांच्यामागे सून, तिच्यामागे ट्रॅक्टरवाला, मग सगळं गाव. शेजारून पाणी पळत होतं. कुणी ओरडलं नाही. ओरडण्याचा उपयोग आता कुणालाच राहिला नव्हता.