वाकडी शीर, सरळ रेघ

माझ्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या, त्याला ग्रंथालयाचं काउंटर जबाबदार आहे असं मी म्हणतो. छत्तीस वर्षं तिथे उभा होतो. ताई म्हणते, "खुर्ची मागायला जीभ उचलली नाही तुझी!" तिचंच बरोबर असावं.

घोट्याजवळची कातडी काळी पडली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता टाळलंत तर इथे जखम होईल, आणि ती महिनोन्महिने भरत नाही."

उपचार तसा किरकोळ. टाके नाहीत, भूल पायापुरतीच. सुईने पाडलेल्या भोकातून लेझरची बारीक तार शिरेत सरकवायची, शीर आतून भाजून बंद करायची आणि त्याच दिवशी चालत घरी. रक्त दुसऱ्या शिरांतून आपली वाट काढतं. तरी मी दोनदा परत आलो होतो. एकदा खोकल्याचं निमित्त सांगितलं. दुसऱ्यांदा तेही सुचेना, नुसताच जिना उतरलो. आता तिसऱ्यांदा पळालो तर पुन्हा जायला तोंड उरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पहाऱ्याला ताईला नेलं. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि पंचेचाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय.

डॉक्टरीणबाईंनी मला उभं केलं, सोनोग्राफीवर शीर बघत बघत मांडीपासून घोट्यापर्यंत पेनने खुणा केल्या. "आडवे झालात की फुगवटे बसतात. मग या खुणांवरच भिस्त," असं सांगून त्या हात धुवायला गेल्या. मी टेबलावर आडवा झालो. उघड्या पायांची लाज वाटली म्हणून चादर तोंडावर ओढून घेतली.

थोड्या वेळाने पायाला गार लागलं. स्पिरिटचा वास आला. मग पेन टेकलं. नर्सबाई असतील, असं वाटलं. विचारणं बरं दिसेना.

"अगंबाई! हे काय?" डॉक्टरीणबाईंचा आवाज.

मी चादर खाली केली. माझ्या पायावर वरपासून खालपर्यंत एक सरळसोट रेघ होती. तिच्या शेजारून दुसरी, तुटक. आणि फाइलची कड माझ्या पोटरीला लावून ताई उभी.

"रागावू नका हो," ताई म्हणाली, "पण केवढी वाकडीतिकडी रेघ मारली होतीत! पुसून नीट आखून दिली. गुडघ्याला जरा सैल ठेवलंय, बसता-उठता ओढायला नको."

"मावशी, शीरच वाकडी आहे!"

"असेल. म्हणून आपण वाकडं कापायचं?"

"आणि ही तुटक रेघ?"

"माया सोडलीय. पुढेमागे पाय जाड झाला तर उसवता येईल."

नर्सबाई भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं. "सगळं पुन्हा शोधायचं म्हणजे अर्धा तास. बाहेर दुसरे पेशंट तयार आहेत. काका, पुढच्या आठवड्यात आलात तर चालेल?"

चालेल! इतकं सोपं! दोष माझा नाही, पळालो असंही कोणी म्हणणार नाही. मी पाय खाली सोडून चपला शोधूही लागलो. तेवढ्यात ताई दिसली. ती पेनला टोपण लावत होती आणि ते लागत नव्हतं.

"माझ्यामुळे राहिलं रे, पुस्तक्या," ती हळूच म्हणाली.

"नाही!" मी ओरडलो. माझा आवाज एवढा मोठा आहे याची मलाच कल्पना नव्हती. बाहेरचे दोघे दारात येऊन डोकावले. "आजच करायचं! त्यांचं आधी करा. तोवर मी उभाच राहतो, शिरा फुगलेल्या राहतील. मला सवय आहे."

तासभर उभा राहिलो. मग पुन्हा खुणा झाल्या. ताईला बाहेर बसवून, तिच्याकडून पेन काढून घेऊन. भुलीच्या सुया टोचल्या, त्या टोचल्याच. शीर बंद झाल्याचं मात्र कळलंही नाही. वर घट्ट मोजा चढवला आणि मला व्हरांड्यात चालायला सोडलं. ताईने वाकून मोजा पाहिला, पण शिवणीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"उजव्या पायातही सुरुवात आहे, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो कधी करायचा?"

ताई काही बोलणार, इतक्यात मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात. पहिला नंबर माझा लावा."

ताईने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.