डाव्या कानावरची विडी

भगवंताने जिवल्याच्या उजव्या कानावरची विडी उचलली आणि डाव्या कानावर खोचली.

"काल इथं होती," असं म्हणून त्याने हातातल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि तो पुढे गेला.

जिवल्या तांडेल होडीत बसल्या जागी आक्रसला. त्याची विडी कुठल्या कानावर असते हे त्याच्या बायकोने, लाडकीनेही कधी पाहिलं नव्हतं. मुंबईहून आलेल्या या चष्मेवाल्याला मात्र सगळं दिसायचं. कोणाच्या सदऱ्याचं बटण उघडं, कुठली दोरी कुठे पडलेली, सगळं वहीत. आजचं शूटिंग कालच्याशी जुळावं म्हणून, म्हणे. असल्या कामाला कोणी पगार देतं होय? हा सरकारचाच माणूस, जिवल्याची खात्री झाली होती.

आणि सरकारचा माणूस शिरगावच्या किनाऱ्यावर परवडणारा नव्हता. तारापूरच्या वीजघराच्या कामावर चोरून दारू पोचवून गबर झालेल्या खंडेराव शेठला यंदा सिनेमा काढायची हुक्की आली होती. गोष्ट काय, तर होडी हाकणारा प्रामाणिक तांडेल चोरटा माल पकडून देतो. शूटिंगला होडी जिवल्याचीच, कॅमेऱ्यासमोर तीत बसायचा तोही. आणि परवा पहाटे याच होडीतून परदेशी घड्याळांचे नऊ डबे किनाऱ्यावरच्या किल्ल्यासमोर समुद्रात बुडवलेले. पकडले गेले तर शेठ वकील लावून सुटेल. जिवल्याची होडी जाईल, आणि तो आत. ही शेवटची खेप, असं त्याने लाडकीला गळ्याशपथ सांगितलं होतं.

त्याने आपला संशय शेठच्या कानावर घातला. शेठने वही मागवून उघडली. 'टोपलीत बोंबील नऊ,' असं पहिल्याच पानावर होतं.

"नऊच का?" शेठने डोळे बारीक केले.

"टोपलीत नऊच होते," भगवंत म्हणाला आणि त्याने वही परत घेतली.

शेठने जिवल्याकडे पाहिलं, जिवल्याने वाळूकडे.

दुपारी हिरो वाळू उकरून सोनं काढू लागला. मोठेपणा मिरवायला शेठने पालघरच्या पोलीस जमादारांना बोलावून आपल्या शेजारी खुर्ची दिली होती. पाच मिनिटं शेठने कशीबशी काढली.

"थांबवा ते," तो उठलाच. "वाळूत कोण पुरतंय माल? कुत्रं उकरंल."

"मग कसं करतात, शेठ?" दिग्दर्शकाने विचारलं.

शेठची कळी खुलली. "डबं दोरीला बांधायचं. दोरीच्या वरच्या टोकाला तरंगता बोया, आन् बोयाला मिठाचं पोतं. समदं बुडतंय. दोन-तीन दिसात मीठ इरघळलं की बोया आपसूक वर. जाऊन उचलायचं."

"तुम्हाला बरं ठाऊक," जमादार म्हणाले.

"ऐकलंय कुटंतरी," शेठ पुटपुटला आणि खाली बसला.

जिवल्याने किल्ल्यासमोरच्या पाण्याकडे पाहिलं. बोया आजच वर यायचा होता. शूटिंग खरं तर कालच आटपायचं, पण हिरो नीट मरत नाही म्हणून शेठनेच एक दिवस वाढवला होता. आता कोणाच्या नावाने बोंबलायचं?

तेवढ्यात कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, किल्ल्यासमोर, लाल बोया वर आला आणि डुलू लागला.

"हे काल नव्हतं," भगवंत म्हणाला. "जुळणार नाही."

जमादार खुर्चीतून उठले.

"जाल्याचा हाय," जिवल्या बोलून गेला. "माज्या."

"मग काढ की," शेठ म्हणाला.

जिवल्याने होडी ढकलली. भगवंत न विचारता आत येऊन बसला. बोयापाशी पोचल्यावर जिवल्याने दोरीला हात घातला. खालून चांगलीच ओढ होती. किनाऱ्यावर जमादार डोळ्यांवर हात धरून उभे होते. वर ओढावं तर डबे दिसतील, सोडून द्यावं तर जमादार दुसरी होडी काढतील.

"दोरी नवी आहे," भगवंत हळूच म्हणाला. "जाळं कुठाय?"

जिवल्याने कमरेची सुरी काढली आणि दोरी कापली. ती सळसळत खाली गेली. त्याने बोया होडीत टाकला.

"लिवा आता," तो म्हणाला. "काय लिवायचं ते लिवा."

भगवंताने सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. "कॅमेऱ्यात दिसतं तेवढंच मी लिहितो."

किनाऱ्यावर जमादारांनी बोया उलटासुलटा करून पाहिला आणि वाळूत टाकला. शेठची नजर मात्र कापलेल्या दोरीवरून हलेना.

"समदं निगालं?" त्याने विचारलं.

"निगालं, शेठ. तुमीच सांगितला ना काढायला."

शेठने शेजारी उभ्या जमादारांकडे पाहिलं आणि शूटिंग सुरू करायला सांगितलं.

जिवल्या होडीत आपल्या जागी जाऊन बसला. समोर भगवंत एकेक गोष्ट मोठ्याने वाचत वहीत टिपत होता.

"समुद्र रिकामा. कालच्यासारखाच."

बोया काढताना होडीत पडलेली विडी जिवल्याने उचलली आणि आपल्या हाताने डाव्या कानावर खोचली.