त्या वर्षी पिशव्या का बांधल्या नाहीत

जपानमधल्या त्सुगारूतल्या त्या गावात सफरचंद येऊन शंभर वर्षं झाली, म्हणून बागायतदार संघानं गावाचा इतिहास छापला. तोमी नारिताला त्यातली एकच ओळ वाचायची होती: पिशव्या न बांधता फळ काढायची रीत गावात आली कशी. खरं लिहिलं असेल, तर त्या ओळीत तिचं नाव असणार होतं.

पूर्वी जून उजाडला की कीड लागू नये, रूप यावं म्हणून झाडावरच्या एकेका कोवळ्या फळाला कागदाची पिशवी बांधावी लागे. तोमी दिवसाला तीन हजार बांधायची. बोटांची पेरं वाकडी झाली, पण अख्ख्या गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि तिचा नवरा, एईकिची, एकदा भर बैठकीत बोलून गेला, "पिशव्या काय, शेंबडं पोरही बांधेल."

तोमीनं घरी येऊन पिशव्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे आदळला. "घ्या, बांधा." जूनभर ती शिडीकडे फिरकली नाही.

एईकिचीनं बांधल्या की. अर्ध्या झाडातच त्याला घाम फुटला, आणि निम्मी फळं देठ मोडून खाली आली. मग तो म्हणायला लागला, "यंदा मुद्दामच बांधत नाहीये. प्रयोग आहे." गाव पोट धरून हसलं. फळं तयार झाली तीही खरबरीत, काळपट. रूपाच्या नावानं बोंबच. पण खाल्ली तर बोटं चाटत बसावं इतकी गोड. सगळी करामत उन्हाची. चार वर्षांत गावानं पिशव्या सोडल्या आणि एईकिची द्रष्टा ठरला. बिचाऱ्यानं ही प्रयोगाची गोष्ट तीस वर्षं इतक्यांदा सांगितली की त्यालाच ती खरी वाटू लागली.

संघाचे अध्यक्ष कुशिबिकी माहिती गोळा करायला आले, तेव्हा तोमीनं त्यांना चहा पाजून सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. ते मान डोलवत लिहून घेत होते.

आता पुस्तकाच्या प्रकाशन समारंभात ते माइकवरून वाचत होते: "त्या वर्षी पत्नी आजारी असल्याने श्री. नारिता यांनी हा धाडसी प्रयोग केला."

शेजारची सुए लगेच वाकून म्हणाली, "आता बरं वाटतं ना गं?"

तोमीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती सरळ कुशिबिकींपुढे जाऊन उभी राहिली. "अध्यक्षसाहेब, मी आजारी कधी होते?"

"वहिनी, ही रीत नवराबायकोच्या भांडणातून आली असं कसं छापायचं? शेजारची गावं तोंडावर हसतील. आणि आता पुस्तक छापून झालंय."

"बरं. पेन आहे?"

तिनं आपल्या प्रतीत 'आजारी असल्याने' खोडलं आणि वर लिहिलं: 'धडधाकट होती. नवऱ्यावर चिडली होती.' सुएनं वाकून वाचलं आणि गुपचूप आपलीही प्रत पुढे केली. मग तिच्यामागची बाई उठली. बघता बघता रांग लागली. कुशिबिकी सही द्यायला शेजारच्या टेबलाशी बसले होते, त्यांच्याकडे कुणी फिरकेना.

रांगेत शेवटी एईकिची होता. त्यानं मान खाली घालून पुस्तक पुढे केलं.

तोमीनं पेन त्याच्या हातात दिलं. "तुमच्या प्रतीत तुम्हीच लिहा."

त्यानं लिहिलं: 'प्रयोग नव्हता. मला पिशव्या बांधता आल्या नाहीत.' बराच वेळ लागला त्याला. लिहून झाल्यावर तिनं ते दोनदा वाचलं.