कमानीआधी पगार

मी एक जुनी घंटागाडी आहे, मित्रांनो. पण मला म्हातारी म्हणू नका, त्याचा मला राग येतो. मुळशी तालुक्यातल्या करंजटेक गावात ग्रामपंचायतीच्या मागच्या भिंतीला टेकून मी उभी आहे. माझी पुढची चाकं बसली आहेत आणि हौद्यात घाणेरीचं झुडूप उगवलं आहे. तरी माझी गोष्ट मी रडत सांगणार नाही.

माझं इंजिन मोठ्या कारखान्यात घडलं. पाठीवरचा पत्र्याचा हौदा मात्र पिरंगुटच्या एका वेल्डरनं जोडला आणि वर हिरवा रंग मारला. त्या वेळी गावातली भातखाचरं विकली जात होती. तिथं उंच इमारती उठल्या, हिंजवडीत नोकरी करणारी माणसं राहायला आली आणि ओढ्याकाठी कचऱ्याचे ढीग लागले. म्हणून मला आणलं. सरपंच हैबतरावांनी माझ्यापुढं नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि माझ्या दाराला हात टेकवून फोटो काढून घेतला. त्यानंतर त्यांनी मला कधी हात लावला नाही. मी दिसले की ते नाकाला रुमाल लावून पलीकडून जायचे.

मला रोज हात लावणारी माणसं दोनच होती. दयानंद मला चालवायचा. तो हैबतरावांचा चुलत पुतण्या. त्यांच्या, म्हणजे आबांच्या, शब्दावर नोकरी लागली, म्हणून तो त्यांच्यापुढं मान खाली घालून उभा राहायचा. दुसरी फुलाबाई. ती डोंगरातल्या वाडीवरून उतरून यायची आणि घरोघरचा कचरा माझ्या हौद्यात टाकायची. लोक फुटक्या काचा तशाच पिशवीत बांधून द्यायचे. तिच्या बोटांना सदा चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. पण काम संपलं की ती मला ओढ्यावर नेऊन धुवायला लावायची. दयानंदाला म्हणायची, "जनावराला धुतोस ना? मग हिला का न्हाई?"

ती माझी सगळ्यात चांगली वर्षं होती. गाव स्वच्छ झालं. पंचायतीला बक्षीस मिळालं. ते घ्यायला हैबतराव गेले.

मित्रांनो, गावात झाडणारे, गटारं काढणारे, पाणी सोडणारे आणि माझ्यावरची ही दोघं, या सगळ्यांचा पगार सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनाहून कमी होता. कुणी विचारलं की हैबतराव म्हणायचे, "पंचायतीकडं पैसं न्हाईत." लोक परत कामाला लागायचे. मग एके दिवशी गावाच्या तोंडाशी खांब उभे राहू लागले. तिथं दगडी कमान होणार होती आणि तिच्यावर हैबतरावांच्या वडिलांचं नाव कोरलं जाणार होतं. आम्ही तिथून जात होतो. फुलाबाईनं त्या खांबांकडं बोट दाखवलं.

"दयानंदा," ती म्हणाली, "पैसं हायेत की रं."

दुसऱ्या दिवशी कुणीच कामावर गेलं नाही. आधी पगार, मग काम, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. दयानंद मात्र मागंच उभा राहिला.

कचरा साचू लागला, कुत्री पिशव्या फाडू लागली, तसा हैबतरावांचा फोन खणखणू लागला. शेवटी ते स्वतः माझ्याजवळ आले. त्यांनी दयानंदाला चावी दिली आणि म्हणाले, "काढ गाडी. भावकीचं नाक कापू नकोस."

दयानंदानं मला सुरू केलं. तेवढ्यात फुलाबाई माझ्या बॉनेटसमोर येऊन उभी राहिली. हैबतरावांनी आवाज मऊ केला.

"फुलाबाई, तू कष्टाची बाई हायेस. तुला एकटीला पगार वाढवून देतो. बस गाडीत."

"एकटीला नगं," ती म्हणाली.

"का?"

"बाकीच्यांच्या घरी काय माती खात्यात व्हय?"

हैबतरावांनी माझ्या दारावर थाप मारली. "दयानंद, घाल गाडी म्होरं. ती आपसूक बाजूला व्हईल."

फुलाबाई बाजूला झाली नाही. दयानंदानं पेडल दाबलं नाही. मग त्यानं मला बंद केलं, खाली उतरला आणि चावी काकांच्या हातात ठेवली.

"आबा, तुमीच चालवा," तो म्हणाला. काकांपुढं मान वर करून बोलताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

"उद्यापासनं तू कामावर न्हाईस."

"आजबी न्हाई," दयानंद म्हणाला आणि फुलाबाईशेजारी जाऊन उभा राहिला.

मग ग्रामसभा भरली. पंचायतीसमोरच्या पटांगणात मांडव घातला होता. मी बाजूलाच उभी होते, त्यामुळं सगळं मला ऐकू आलं. आजवर सभेला मोजकी डोकी यायची. त्या दिवशी वाडीवरची माणसं आली, इमारतींमधलीही आली. इमारतींमधल्यांच्या वतीनं सुनीतीताई बोलायला उठल्या.

"आम्ही वेळेवर कर भरतो," त्या म्हणाल्या. "आमच्या दारात घाण साचली आहे. कर्मचाऱ्यांना जमत नसेल तर ठेकेदार नेमा. स्वस्तातही पडेल."

हैबतरावांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. फुलाबाई उठली.

"ताई, रोज सकाळी मी तुमच्या गेटावर येते. तुमच्या पोरीच्या बारशाच्या पत्रावळी मी उचलल्या. आता ती साळंत जातीया. माझं नाव सांगा."

सुनीतीताईंना ते ठाऊक नव्हतं. त्या हळूच खाली बसल्या.

मग गौतमी उठली. ती पंचायतीची सदस्य होती आणि हैबतरावांच्याच पॅनेलमधून निवडून आलेली होती. निवडून आल्यापासून तिनं फक्त जिथं दाखवतील तिथं सही केली होती. ती म्हणाली, "कमानीचं काम थांबवा. आधी कर्मचाऱ्यांना सरकारी नियमाप्रमाणं पगार द्या. मी ठराव मांडते."

"गौतमी, खाली बस," हैबतराव म्हणाले.

"आबा, खाली बसायला लोकांनी मला निवडून दिलेलं न्हाई."

"ती कमान म्हंजी गावाची अब्रू हाय."

"गावाची अब्रू हितं उभी हाय, बोटांना चिंध्या बांधून."

ग्रामसेवकांनी हात वर करायला सांगितलं. वाडीवरचे हात सगळ्यात आधी वर झाले. झाडणाऱ्यांचे, पाणी सोडणाऱ्यांचे झाले. दयानंदानं भावकीच्या रांगेत बसूनच हात वर केला. शेजारच्यानं त्याची बाही ओढली, तरी हात खाली आला नाही. आणि मग सुनीतीताईंचा हात वर झाला. त्यांच्यामागं इमारतींमधल्या माणसांचे. ठराव मंजूर झाला.

पगार वाढले. दयानंदाला कामावर परत घ्यावं लागलं. पण भावकीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या मुलीच्या लग्नात त्यांच्यातलं कुणी जेवायला आलं नाही. फुलाबाई वाडीवरच्या बाया घेऊन आली आणि पंगती भरल्या.

हैबतरावांना राग काढायला कुणीतरी हवं होतं. त्यांनी मला मोडीत काढलं. नवी चकचकीत गाडी आणली, तिच्यापुढंही नारळ फोडला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण ती गाडी दयानंदच चालवतो आणि फुलाबाई तिलाही ओढ्यावर नेऊन धुवायला लावते, हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला रंग नको, हार नको. परवा पंचायतीत पुन्हा ठेकेदाराची बोलणी झाली. खिडकी माझ्या डोक्यावरच आहे. पुढची ग्रामसभा लागली आहे. तुमच्या आईवडिलांना सांगा, घरी बसू नका. तिथं जा आणि हात वर करा.

आणि मला भंगारवाल्याकडं न्यायला माणसं येतील, तर येऊ देत. माझा हँडब्रेक गंजून घट्ट बसला आहे. त्यांना मला ओढूनच न्यावं लागेल.