लाल दोऱ्याची गाठ

वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की वाचनालयाच्या सभागृहात बालगृहासाठी भेटींची पुडकी बांधली जात, आणि त्या कामावर गेली एकतीस वर्षे थोरल्या बाईंचाच हुकूम चाले. बटण तुटलेला सदरा तिथून बाहेर पडत नसे. मळकी बाहुली दारातूनच परत जाई. "आपल्या नातवंडाला घालाल तेच द्या, नाहीतर घरी बसा," असे त्या बजावीत, आणि कोणी हूं की चूं करीत नसे. स्वतः त्या दरवर्षी सहा स्वेटर विणीत. अलीकडे बोटे थरथरत, टाका गळे. पण सहाचे पाच त्यांनी होऊ दिले नव्हते.

लोकर धाकटी जाऊ आणून देई. लोकर देणारे नाव सांगू नका म्हणतात, एवढेच ती सांगे. तीन वर्षे तीच राखाडी लोकर. थोरल्या बाई कौतुकाने म्हणत, "माणूस मोठा एकवचनी. रंगसुद्धा बदलत नाही!"

पुडकी बांधायच्या दिवशी सकाळी शेवटची बाही विणताना गुंड्याच्या पोटातून लोकरीला घट्ट बसलेली एक लाल दोऱ्याची गाठ निघाली.

थोरल्या बाईंच्या सुया थांबल्या. विणायला घेताना पहिल्या टाक्याला लाल दोरा बांधून तो काठाच्या आत दडवायचा, ही त्यांच्या आईची शिकवण. विणणारीला आपले काम ओळखता यावे, घालणाऱ्याला मात्र उपकार टोचू नयेत. हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते, धाकटीलाही नाही.

अर्धवट स्वेटर पिशवीत कोंबून त्यांनी थेट सभागृह गाठले. दारात बेकरीवाला खोकी उतरवीत होता.

"या थोरल्या बाई! यंदा एक माझ्याही मापाचा विणा. पोटाला दोन गुंडे जास्त लागतील, पण बेकरीवाल्याचं पोट म्हणजे जाहिरातच की!"

एरवी त्यांनी चार शब्द सुनावले असते. आज त्या तशाच आत गेल्या. लांब टेबलाशी धाकटी दुकानातून आणलेल्या नव्या जाकिटांच्या घड्या घालीत होती. थोरल्या बाईंनी ती गाठ तिच्यासमोर धरली.

"ही माझ्या हातची गाठ. मी दिलेल्या स्वेटरातली. ती या गुंड्यात कशी आली?"

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. "जाऊबाई, घरी जाऊन बोलू या ना."

"इथेच बोल."

"उसवताना काठ मी नेहमी या गाठीसकट कापून टाकते हो. यंदा घाईत एक राहिला असेल." ती अडखळली. "चार वर्षांपूर्वी तुमचे दोन स्वेटर पहिल्या धुण्यातच उसवले. बालगृहातल्या बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला नकोत. तुम्हाला कोणी सांगायचं? मग पुडक्यांत ही जाकिटं घालून तुमचे स्वेटर मीच उसवायला लागले. लोकर धुवायची, ताणून वाळवायची..."

"आणि मलाच परत आणून द्यायची."

"तुमचं मन राहावं म्हणून."

"मग ती पत्रं?"

दरवर्षी बालगृहातून म्हणून एक पत्र येई. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेले असे, 'आजी, तुमचा स्वेटर खूप ऊबदार आहे.' थोरल्या बाईंनी ती पत्रे डब्यात जपली होती, आल्यागेल्याला वाचून दाखवली होती.

"डाव्या हातानं लिहिली," धाकटी पुटपुटली.

सभागृहातली कागदांची सळसळ थांबली होती. थोरल्या बाईंनी एकेक चेहरा निरखला. कोणालाच आश्चर्य वाटलेले नव्हते. बेकरीवाला खोक्यावरची धूळ पुसत राहिला; खोक्यावर धूळ नव्हती. या साऱ्यांनी मिळून केसाने गळा कापला होता आणि त्यालाच ते माया समजत होते.

"टाके सैल पडतात, हे तू माझ्या तोंडावर सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "मी बटणं लावली असती. पुडक्यांना दोऱ्या बांधल्या असत्या. मी इथे कामाला येत होते गं, मन रमवायला नाही."

"चुकलं माझं, जाऊबाई."

"हात पुढे कर."

धाकटीने दोन्ही हात पुढे केले. थोरल्या बाईंनी पिशवीतून स्वेटर काढला, सुया उपसल्या आणि लोकरीचे टोक ओढले. सर्रकन ओळीमागून ओळ सुटू लागली. सुटलेली लोकर त्या लड करतात तशी धाकटीच्या हातांभोवती गुंडाळीत गेल्या, वेढ्यावर वेढा. धाकटीचे डोळे वाहत होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"ताठ धर," थोरल्या बाई म्हणाल्या. "अजून पाठ उसवायची आहे."