लंबकाच्या घड्याळांसाठी सूचना

गेली अकरा वर्षं मी आमच्या प्रदेशाचा हवामान अंदाज लिहिते. सकाळी सव्वासातला रेडिओवर एक बाई तो वाचून दाखवतात. सगळ्या प्रदेशाचा माझ्या अंदाजावर विश्वास आहे. एका माणसाचा नाही, आणि तो माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबा घड्याळजी. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण भिंतीवरची सात घड्याळं घेऊन ते एकटेच तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखालच्या खोलीत राहतात. सगळी लंबकाची. आठवड्यातून एकदा चावी दिली तरी चालतं, पण बाबा रोज सकाळी देतात, आणि देता देता रेडिओवरच्या माझ्या अंदाजाशी भांडतात.

या उन्हाळ्याचं चित्र आधीच चांगलं नव्हतं. हंगामभर पारा नेहमीपेक्षा वरच राहणार होता, आणि रविवारी नकाशा बघितला तर गुरुवारपासून पाच दिवसांची पहिली लाट थेट आमच्या गावावर येत होती. पंचेचाळीस अंश. गेल्या वर्षी याहून लहान लाटेत बाबा हातात चावी घेऊन जमिनीवर पडलेले सापडले होते. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी पाणी मारून शुद्धीवर आणलं. बाबा अजूनही त्याला डुलकी म्हणतात.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले.

"बाबा, गुरुवारच्या आत आमच्याकडे चला. पाचच दिवस."

"मागच्या आठवड्यात ढगाळ म्हणालीस. मी दिवसभर छत्री घेऊन फिरलो. लोक हसले मला."

"ढगाळ म्हणजे पाऊस नव्हे, बाबा."

"मग ढग सांगतेस कशाला?"

"या वेळी खरंच भयंकर आहे."

"चाळीस वर्षं काढली या पत्र्याखाली. मला काय धाड भरलीय? आणि घड्याळांकडे कोण बघणार, तुझा नवरा?"

माझ्या नवऱ्याला गजर लावूनही जाग येत नाही. मी तणतणत घरी आले.

मंगळवारी लाटेचा इशारा लिहायला बसले. भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका, ज्येष्ठांकडे लक्ष ठेवा, हे दरवर्षीचंच. लिहिता लिहिताच मला कळत होतं की 'ज्येष्ठ' हा शब्द ऐकून बाबा शेजारच्या म्हाताऱ्याची काळजी करतील. डोकं तापलं होतं. त्या भरात मी शेवटी एक ओळ घातली: पत्र्याच्या छताखालची लंबकाची घड्याळं बुधवारी संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावर हलवावीत, अन्यथा उष्णतेने यंत्राला कायमची इजा होऊ शकते. घड्याळजीची मुलगी असूनही मला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही. हे खरं आहे की नाही, ते मी कुणाला विचारलंही नाही. आमचे साहेब शेवटचं पान न वाचताच सही करतात, तशी त्यांनी केली.

बुधवारी सकाळी रेडिओवरच्या बाईंनी ती ओळ इतक्या ठामपणे वाचली की माझाच तिच्यावर विश्वास बसला. मग ऑफिसचा फोन खणखणायला लागला. सेलवरच्या घड्याळाचं काय करायचं? हातातलं चालेल ना? एका बाईंनी विचारलं, "आमच्या सासऱ्यांचं घड्याळ माळ्यावरच्या खोलीत आहे. घड्याळ खाली आणू, की सासऱ्यांनाही आणू?"

"आधी सासऱ्यांना आणा," मी म्हटलं.

साहेब कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "ही घड्याळांची काय भानगड आहे?"

"सही तुमची आहे, साहेब," मी म्हटलं. ते कपाळाला हात लावून परत गेले.

संध्याकाळी आमच्या दाराशी टेम्पो थांबला. पुढच्या सीटवर बाबा, मांडीवर एक घड्याळ, मागे चादरींत गुंडाळलेली सहा. "जावईबापू, खिळे आहेत का घरात?" एवढंच बोलून ते आत आले. तासाभरात आमच्या तळमजल्याच्या दोन खोल्यांत भिंत दिसेनाशी झाली. सात वाजले तेव्हा सातही घड्याळांनी सात-सात टोले दिले. एकोणपन्नास. नवरा सोफ्यावरून ताडकन उठून बसला, आणि मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा करून दिला.

गुरुवारी दुपारी पारा पंचेचाळीसच्याही वर गेला. घरी आले तेव्हा बाबा पडदे ओढून, गार फरशीवर पाय सोडून, एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते. कलिंगडाच्या सालींचा ढीग शेजारी होता.

"बरं झालं," मी म्हटलं. "घड्याळं वाचली."

"कशापासून?"

"उन्हापासून."

बाबा खो खो हसले. "अगं, उन्हानं लंबक केसभर लांबतो. घड्याळ दिवसाला पाच-सहा सेकंद मागं पडतं. खालचा नट जरा फिरवला की झालं. कायमची इजा म्हणे!"

"मग आलात कशाला?"

त्यांनी झाकण लावलं, घड्याळ खिळ्याला टांगून लंबक हलवला, टिकटिक ऐकली, आणि मग म्हणाले, "अकरा वर्षं ऐकतोय तुला. चुकलीस पुष्कळदा, पण थाप कधी मारली नाहीस. काल पहिल्यांदा मारलीस. म्हटलं, पोरगी फारच घाबरलेली दिसते."

मला रडू आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी साली उचलायला वाकले, पण ते त्यांना दिसलंच.

"आता रडू नकोस. त्या चुकीची दुरुस्ती दे. गावातले घड्याळजी हसतायत मला."

रात्रीच्या आत मी ती लिहून पाठवली. शुक्रवारी सव्वासातला बाबा तिसऱ्या घड्याळाला चावी देत होते, आणि रेडिओवरच्या बाई ठामपणे सांगत होत्या की लंबकाच्या घड्याळांना उष्णतेचा कोणताही धोका नाही, मात्र त्यांच्या मालकांनी लाट ओसरेपर्यंत मुलीच्या घरीच राहावं.

मी बाबांच्या भांडणाची वाट बघत होते.

"हे बरोबर आहे," बाबा म्हणाले, आणि चौथ्या घड्याळाकडे वळले.