घरचं मी बघते

ठकीने चुलीवरचं उकळतं तपेलं नुसत्या हातांनी उचललं, आणि मारीट किंचाळली.

तपेल्यात तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, सावेलं होतं, चाईच्या रानवेलीच्या पानांत गुंडाळून उकडलेलं. काठावरून वाफ उसळत होती. ठकीने ते सावकाश अंगणात आणलं, सारवलेल्या ओट्यावर टेकवलं आणि लुगड्याला हात पुसत लेकीला, सुगंधाला, विचारलं, “काय झाला हिला? का वरडली?”

“तिला वाटलं तुझा हात भाजला, आये.”

अंगणातल्या बायका खो खो हसल्या. ठकीच्या हाताला आग लागत नाही, हे साऱ्या करंजपाड्याला ठाऊक होतं. कुणाला विडी पेटवायची असली की ती चुलीतला निखारा चिमटीत धरून द्यायची. सुगंधाने ते पाहुण्यांना इंग्रजीत रंगवून सांगितलं. सत्तरीची बाई, आयुष्यभर चूल आणि शेत. हात असे घट्ट झालेत की विस्तवही घाबरतो. ओवेनने मोबाइल काढून ठकीचा फोटो घेतला.

मारीट आणि ओवेन डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होते. ती हॉलंडची, तो वेल्सचा. बोईसरच्या एका ट्रस्टने त्यांना महिनाभरासाठी सुगंधाच्या आरोग्य केंद्रात पाठवलं होतं. ट्रस्टच्या कागदावर एका दिवसापुढे ‘स्थानिक संस्कृती व सण’ असं लिहिलेलं होतं. दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस जवळ आली तसं केंद्राच्या डॉ. पूर्वींनी विचारलं, “सुगंधाताई, तुमचं माहेर पाड्यावरचंच ना?” सुगंधा वीस वर्षं आरोग्यसेविका होती, पण माहेरचं नाव केंद्रात असं कौतुकाने कुणी घेतलं नव्हतं. तिने हौसेने होकार दिला. आदल्या रविवारी बोईसरहून येऊन भाऊ विनोद आणि भावजय तेजल यांच्याकडून घर सारवून घेतलं आणि दारावरची प्लास्टिकची फाटकी ताडपत्री काढायला लावली.

आणि दिवस खरंच छान चालला होता. ठकीला मारीट हे नाव काही केल्या जिभेवर बसेना. तिने तिला मारुती करून टाकलं होतं. “ए मारुती, खा ना गो, लाजतेस काय!” मारीटही हसत ‘ओ’ देत होती. तिने दोन आठवड्यांत थोडं मराठी शिकून घेतलं होतं.

पण आता ती हसत नव्हती. ती ठकीजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, “आजी, हात?”

ठकीने हात पदराखाली घेतला.

तेवढ्या अर्ध्या क्षणात सुगंधाला दिसलं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. तळव्याच्या कडेला, तपेल्याचा काठ टेकला होता तिथे, कातडी पांढरी पडून फुगत होती. फोड येत होता. आणि आई दुसऱ्या हाताने सावेलं वाढत होती, निवांत.

सुगंधाला ते कळायला पुस्तक लागत नव्हतं. दर वर्षी कुष्ठरोगाच्या मोहिमेत घरोघर फिरून ती हेच तर विचारत आली होती: अंगावर फिका चट्टा आहे का, तिथे बधिर लागतं का, हातापायाला भाजलेलं कळत नाही का.

“तिला दुखत नाहीये,” मारीट हळूच म्हणाली.

“सवय आहे तिला,” सुगंधा म्हणाली. “कष्टाचे हात आहेत. तुमच्याकडे असे नसतात.”

तारपा वाजायला लागला. खरं तर तो अंधार पडल्यावर वाजायचा, पण ट्रस्टची गाडी पाचला निघणार म्हणून भिकादादाने चार वाजताच फुंकायला घेतला होता. बायकांनी एकमेकींच्या कमरेला विळखा घालून साखळी धरली. मारीटला मध्ये घेतलं. तिच्या डाव्या बाजूला ठकी होती. ओवेनचे पाय सारखे चुकत होते आणि पोरं त्याच्यामागे नाचत त्याच्या चुका गिरवत होती. मारीटचे पाय मात्र बरोबर पडत होते. ती खाली मान घालून नाचत होती. सुगंधा ओट्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. आपण कशाला टाळ्या वाजवतोय हे तिचं तिला कळत नव्हतं.

नाच थांबल्यावर मारीट तिला घराच्या मागे, पेंढ्याच्या उडवीपाशी गाठून म्हणाली, “सिस्टर, मी चुकत असेन. मी हे फक्त चित्रात पाहिलंय. पण आजींच्या पाठीवर, ब्लाउजच्या वर, एक फिका डाग आहे. नाचताना दिसला. आणि ती बोटं...”

“तू इथे नाचायला आलीस ना?” सुगंधाचा आवाज चढला. “मग नाच. दोन आठवड्यांत तुला माझ्या आईचा आजार कळला? मी वीस वर्षं हेच काम करते. कुणाच्या घरी जेवायचं आणि त्याच घरात रोग शोधायचा, ही तुमची पद्धत असेल.”

मारीटचा गोरा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “सॉरी,” ती म्हणाली. मग मराठीत पुन्हा म्हणाली, “माफ करा, ताई.”

गाडीत ओवेन फोटो बघत होता. चिल्हार रस्त्याला लागल्यावर मारीट मागे वळून पुन्हा म्हणाली, “मी तुमचा सण बिघडवला. मला असं वागायला नको होतं.” सुगंधा खिडकीबाहेर बघत राहिली. त्या पोरीने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. खरं बोलणारी माफी मागत होती आणि खोटं बोलणारी ती ऐकून घेत होती.

नाक्यावर सुगंधाने गाडी थांबवली. “माझं काही राहिलंय पाड्यावर,” एवढंच बोलून ती उतरली. थोड्याच वेळात एक इको व्हॅन मिळाली, पुढे दीड किलोमीटर ती पायी चालली.

ठकी मागच्या दारी राखेने तपेलं घासत होती. फोड फुटून त्यात राख गेली होती.

“परत आलीस? काय इसरलीस?”

“आये, पाठ दाखव.”

ठकीचा हात थांबला. तिने लेकीकडे पाहिलं आणि पाठमोरी झाली. सुगंधाने पदर बाजूला करून ब्लाउज वर सरकवला. डाग एक नव्हता, चार होते. तळहाताएवढे, फिके, कडांना किंचित लालसर. कमरेवरचा तर आणखी मोठा होता. सुगंधाने नखाने त्यावर हलकेच दाबलं. आई हलली नाही.

“कवापासून हाय हे?”

“तिसरी दिवाळी असंल.”

“तीन वर्षं! आणि मला बोलली नाय तू? मी काय काम करते, तुला माहीत नाय?”

“माहीत हाय म्हनून तर नाय बोलले.” ठकी अजून पाठमोरीच होती. “तू सरकारची बाय. लोकां काय म्हनतील? दुसऱ्याच्या घरात शोधत फिरते न् हिच्याच घरात हाय. तुझी नोकरी जाती तर?”

“नोकरी अशी जात नाय, आये.”

“मला काय कळते त्यातला.” तिने राखेचा हात लुगड्याला पुसला. “पहिल्या साली ती आशाताई आलेली, दीपाली. मी म्हनलं, आता दाखवावा हिला. लुगडा सोडायला लागले, तर ती म्हनली, आजी, राहू द्या, सुगंधाताई बोलल्यात, आमच्या घरचं मी बघते. मी म्हनलं, बरा. लेकच बगंल. मंग वाट बगत बसले.”

सुगंधाने पदर पुन्हा आईच्या पाठीवर ओढला.

“तू आलीस तवा. रविवारचीच आलेलीस. च्या पिलीस, विनोदच्या पोरांना खाऊ दिलास न् गेलीस. मी म्हनलं, घाईत असंल. दुसऱ्या सालीपन तसाच. मंग मी म्हनलं, तिला ठाव असंल. ठाव असून बोलत नसंल, तर आपन कशाला बोलायचा?”

मागच्या ओढ्याकडून गुरं परत येत होती. सुगंधा मातीत बसली आणि तिने आईच्या हातातलं तपेलं काढून घेतलं. तिला तो फॉर्म डोळ्यांपुढे दिसत होता. करंजपाडा, घर क्रमांक अकरा, माणसं सहा, तपासलेली सहा, संशयित: निरंक. तीन वर्षं, तिच्याच वळणदार अक्षरात. दीपालीला तिने ‘मी बघते’ म्हटलं होतं ते आईच्या काळजीने नव्हतं. दीपाली बडबडी होती. ती घरात शिरली असती, गळकं छप्पर बघितलं असतं, एका खोलीत झोपणारी सहा माणसं आणि बकऱ्या बघितल्या असत्या आणि केंद्रात येऊन सांगितलं असतं. एवढ्यासाठी. आणि फॉर्म तर बोईसरच्या घरी टीव्हीसमोर बसूनही भरता येत होता.

“हात बरा व्हईल?” ठकीने विचारलं.

सुगंधा हा प्रश्न हजार वेळा ऐकून चुकली होती. त्याचं उत्तर तिला पाठ होतं: गोळ्या फुकट मिळतात, रोग पूर्ण बरा होतो, घाबरू नका. ते खरंही होतं. पण वळलेल्या बोटांबद्दल त्या उत्तरात काही नव्हतं. लवकर आलात तर बोटं वाचतात, असं ती लोकांना सांगायची.

“रोग जाईल, आये,” ती म्हणाली. “बोटांचं नाय सांगता येत. तीन वर्षं झाली.”

“बरा,” ठकी म्हणाली. “बोटां काय, कामापुरती हायत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा आईला घेऊन आरोग्य केंद्रात आली. नेहमीचा पांढरा गणवेश तिने घातला नव्हता. बाकावर गर्दी होती. दीपाली रजिस्टर घेऊन उभी होती, कुष्ठरोगाचं काम बघणारे कैलासभाऊ चहा पीत होते. मारीट आणि ओवेन लहान मुलांची वजनं घेत होते. डॉ. पूर्वींनी ठकीला आत नेलं. पंधरा मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळलं.

“जुनी केस आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पण मोहिमेत कशी सुटली? करंजपाडा तर शंभर टक्के झालाय.”

कैलासभाऊंनी दीपालीकडे पाहिलं. दीपालीने सुगंधाकडे पाहिलं नाही. ती रजिस्टरची पानं उलटत राहिली. तिचं ते न बोलणंच सुगंधाला सोसेना.

“दीपालीचा दोष नाही,” ती म्हणाली. आवाज गर्दीत पोचेल इतका मोठा निघाला. “पेशंट माझी आई आहे. मी दीपालीला अडवलं, घरचं मी बघते म्हणून. आणि बघितलं नाही. न बघता तीन वर्षं फॉर्म भरला.”

बाकावरच्या बायकांनी वळून पाहिलं. त्यांतल्या दोघी करंजपाड्याच्याच होत्या. काल अंगणात हसल्या होत्या. डॉ. पूर्वी म्हणाल्या, “ताई, आत बोलू आपण. मला हे वर लिहून कळवावं लागेल.”

“लिहा, मॅडम. मी सही करते.”

मग ती वजनकाट्यापाशी गेली. मारीट एका रडणाऱ्या बाळाला झोळीत धरून उभी होती. तिच्याशी इंग्रजीत बोलायचं सुगंधाने रात्रीच ठरवलं होतं, दोन-तीन चांगली वाक्यं जुळवलीही होती. ती आता एकही आठवेना.

“तू बरोबर होतीस,” ती मराठीत म्हणाली. “मला तेव्हाच कळलं होतं.”

मारीटला किती समजलं कोण जाणे. तिने मान हलवली आणि बाळ ओवेनकडे दिलं.

ठकीने पहिल्या गोळ्या सगळ्यांसमोर घेतल्या, पाण्याच्या एका घोटाबरोबर. कैलासभाऊंनी तिला पाकीट समजावून सांगितलं, हाताला ड्रेसिंग केलं. मग त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. “आता जवळची माणसं. विनोद, तेजल, पोरं, शेजारी, सगळ्यांना बघावं लागेल. आज दुपारी पाड्यावर जाऊ.” ते जरा अडखळले. “आणि ताई, तुम्हीपण. नियमाने तुम्हीपण येता.”

“हो,” सुगंधा म्हणाली. “माझंच नाव आधी लिहा.”

बाईमाणसाची पाठ तपासायची म्हणून डॉ. पूर्वींनी मारीटला बोलावलं, पडदा ओढला आणि कसं करायचं ते दाखवलं. सुगंधा स्टुलावर बसली. ब्लाउज उतरवून तिने तो मांडीवर नीट घडी करून ठेवला. पडद्याच्या फटीतून बाकावरची आई दिसत होती. ड्रेसिंग केलेला हात मांडीवर घेऊन ती समोरच्या बाईला काहीतरी सांगत होती.

“ताई, डोळे मिटा,” मारीट म्हणाली. उच्चार अगदी जपून. “पेन लागेल. तिथे बोट ठेवा.”

सुगंधाने डोळे मिटले. उजव्या खांद्यावर काहीतरी टोचलं. तिने बोट ठेवलं. मानेखाली टोचलं, तिने बोट ठेवलं. डाव्या दंडावर, कोपराजवळ. तिने बोट ठेवलं.

मग बराच वेळ काही जाणवलं नाही. बाहेर वजनकाट्यावर पोर रडत होतं, कुणीतरी औषधाच्या खिडकीवर नंबर विचारत होतं. मारीट थांबली होती, की तिने पेन टेकवलं होतं आणि आपल्याला कळलं नव्हतं? सुगंधाला विचारता आलं असतं. तिने विचारलं नाही. बोट तसंच तयार धरून, डोळे मिटून ती बसून राहिली.